खरा विश्वास कशावरून ओळखायचा? वाचकांचे प्रश्न

‘आपण विश्वासात आहोत की नाही याची परीक्षा करा,’ असं प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो (२ करिंथ. १३:५). मागच्या अंकात या वचनावर लेख आल्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. परीक्षा करायची म्हणजे नेमकं काय तपासायचं, असं बहुतेकांनी विचारलं आहे. त्यातल्या सात पत्रांना इथे उत्तर देत आहोत. नावं गाळली आहेत. पत्रं कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, स्वतंत्र मंडळ्या अशी सगळीकडची आहेत, त्यामुळे शब्दही त्या त्या घरचे आले आहेत.

मी २१ वर्षांचा आहे. मे महिन्यात युवक शिबिरात तिसऱ्या रात्री मी खूप रडलो, पुढे जाऊन गुडघे टेकले. वाटलं, आता सगळं बदललं. आज ऑक्टोबर आहे. बायबल उघडायचा कंटाळा येतो आणि मोबाइलवर पूर्वी जे पाहायचो तेच पुन्हा पाहतो. ते रडणं खोटं होतं का? – ऐरोली

रडणं खोटं होतं असं म्हणता येत नाही. ते खरं होतं, असंही नुसत्या रडण्यावरून म्हणता येत नाही. शिबिराची तिसरी रात्र म्हटली की झोप अपुरी असते, गाणी मोठ्या आवाजात चालू असतात आणि आजूबाजूचे पन्नास जण डोळे पुसत असतात. अशा वेळी कोणाचेही डोळे भरून येतील. देव अशा रात्रीही काम करतो. पण अश्रूंच्या थेंबावरून त्याचं काम मोजता येत नाही.

अमेरिकेतले पाळक जोनाथन एडवर्ड्स यांच्या मंडळीत १७४० च्या सुमारास मोठी जागृती झाली. लोक रडले, थरथरले, जमिनीवर पडले. काही वर्षांत त्यांतले कित्येक जण होते तिथेच परतले. एडवर्ड्सनी त्यावर १७४६ मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी आधी अशा बारा गोष्टी सांगितल्या, ज्यांवरून विश्वास खरा की खोटा हे काहीच ठरत नाही: भावनेचा जोर, शरीर कापणं, देवाविषयी अस्खलित बोलता येणं, वचनं आपोआप आठवणं, चर्चमध्ये तासन्‌तास बसणं, स्वतःची पक्की खात्री असणं. त्यानंतर खऱ्या खुणा दिल्या, त्याही बारा. शेवटची खूण रोजचं आचरण, आणि तिच्यावर त्यांनी सगळ्यांत जास्त पानं खर्ची घातली.

येशूनं सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवरचं बीही लगेच उगवतं, आनंदानं उगवतं (मत्तय १३:२०-२१). मूळ किती खोल गेलं ते ऊन पडल्यावर कळतं. तुझं ऊन आता पडलं आहे. पण तू हे पत्र लिहिलंस, याचीही दखल घे. बधिर हाताला काटा बोचल्याचं कळत नाही. तुला बोचतंय.

आता करायचं काय ते सांगतो. योहानाचं पहिलं पत्र एका बैठकीत वाच. पाच अध्याय, १०५ वचनं. सावकाश वाचलं तरी वीस-पंचवीस मिनिटं. हातात पेन्सिल ठेव. आज्ञा पाळण्याविषयी वचन आलं की समासात ‘आ’ लिही, भावाबहिणींवरच्या प्रीतीविषयी आलं की ‘प्री’ आणि येशू कोण आहे याविषयी आलं की ‘ख्रि’. हे तीन धागे पत्रभर एकमेकांत विणलेले दिसतील. मग प्रत्येक धाग्यापुढे स्वतःविषयी एकच गोष्ट लिही, मात्र ती नाव आणि तारखेसकट हवी. ‘मी प्रेम करतो’ असं लिहून उपयोग नाही. गेल्या पंधरा दिवसांत कोणासाठी काय केलं, त्यात माझा वेळ किंवा पैसा किती गेला, ते लिही. १ योहान ३:१७-१८ मध्ये नेमकं हेच विचारलं आहे: जवळ असून गरजवंत भावाला दिलं का? एखादा रकाना रिकामा राहिला तर राहू दे. त्याच पत्राच्या १:८-९ मध्ये म्हटलं आहे की आपल्यात पाप नाहीच असं म्हणणारा स्वतःला फसवतो आणि पाप पदरी घेणाऱ्याला क्षमा मिळते. म्हणजे पाप दिसणं ही विश्वास नसल्याची खूण नव्हे. पाप दिसल्यावर तू लपतोस की उजेडात येतोस, ते बघायचं.

मोबाइलचं नुसतं देवाला सांगून थांबू नकोस. मंडळीतल्या एका वयानं मोठ्या, तोंडानं घट्ट माणसाला नाव घेऊन सांग. रात्री साडेदहानंतर फोन हॉलमध्ये चार्जिंगला लाव आणि दर रविवारी त्या माणसाला खरं उत्तर दे. यात लोक दोन ठिकाणी चुकतात. एक म्हणजे एका वाईट रात्रीवरून स्वतःचा निकाल लावतात. निदान सहा महिन्यांची दिशा बघायला हवी. दुसरं म्हणजे ती भावना परत मिळावी म्हणून पुढच्या शिबिराची वाट बघतात. त्या रात्री ज्याच्यापुढे गुडघे टेकलेस, त्याच्यापुढे आज ऐरोलीतल्या तुझ्या खोलीतही टेकता येतात.

माझं भाजीचं दुकान आहे. माल तुर्भे मार्केटमधून आणतो. बरीच वर्षं किलोमागे ५० ग्रॅम मारत आलो, या धंद्यात कोण मारत नाही? गेल्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. आता काटा सरळ केलाय, पण मागचं मन खातं. पाळक म्हणतात, क्षमा झाली, विसरून जा. – नेरुळ

भाऊ, काटा सरळ केलात हे फार मोठं काम झालं. क्षमेविषयी पाळकांचं म्हणणंही खरं आहे. पण ‘विसरून जा’ याच्याशी आम्ही सहमत नाही. तुमचं मन खातंय ते बरंच आहे, त्याला गप्प करू नका.

शास्त्रात फसवणुकीच्या पापाला ठरलेली वाट आहे. लेवीय ६:१-५ सांगतं की दुसऱ्याचं लुबाडलेलं मूळ तर परत करायचंच, वर त्याचा पाचवा हिस्सा घालायचा. आणि हे अर्पण आणण्याच्या दिवशीच करायचं, म्हणजे वेदीपाशी एक आणि बाजारात दुसरं असं चालत नाही. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय तर चौपट परत देतो म्हणाला (लूक १९:८). ते ऐकून येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं आहे. चौपट दिल्यानं तारण विकत मिळालं असा त्याचा अर्थ होत नाही. येशू त्याच्या घरी आधीच आला होता, पंगतीला बसला होता. हिशेबाची वही उघडली गेली ती त्यानंतर. हा क्रम ध्यानात ठेवा, नाहीतर परतफेड म्हणजे देवाला भरलेला दंड वाटू लागतो आणि माणूस कधीच मोकळा होत नाही.

आता आकडा मांडू. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच. समजा रोजची विक्री ४० किलो. किलोमागे ५० ग्रॅम म्हणजे दिवसाला २ किलो. सरासरी ४० रुपये भावानं ८० रुपये. वर्षाचे ३०० दिवस धंदा धरला तर २४,००० रुपये. त्यावर पाचवा हिस्सा ४,८००. एका वर्षाचे २८,८०० झाले. जितकी वर्षं मारलंत तितक्यांनी गुणा. रक्कम बघून पोटात गोळा येईल, पण कागदावर उतरवा. मोघम पापाचा पश्चात्तापही मोघम राहतो.

परत कोणाला द्यायचं? जे गिऱ्हाईक ओळखीचं आहे, वर्षानुवर्षं येतंय, त्याच्या पिशवीत दर किलोला १०० ग्रॅम जास्त टाका. हे वर्षभर, दोन वर्षं, हिशेब फिटेपर्यंत. मोठ्या गिऱ्हाइकाचं, म्हणजे एखादी खानावळ किंवा मेस, यांचं मात्र तोंडावर सांगून पैशात चुकतं करा. ते ओरडतील, कदाचित तुटतील. त्याची तयारी ठेवा. जे गिऱ्हाईक आता सापडणारच नाही त्याचा वाटा गरिबांना जातो; चर्चची जुनी शिकवण हेच सांगते आणि कॅथलिक वाचकाला कन्फेशनमध्ये फादर बहुधा हाच मार्ग दाखवतील. रक्कम मोठी असेल तर हप्ते पाडा. पोरांची फी थांबवून एकरकमी देऊ नका. महिन्याला झेपेल तो आकडा ठरवून तो चुकवायचा नाही, एवढं पाळा.

घरात बायकोला आधी सांगा, कारण हा पैसा तिच्याही संसारातून जाणार आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी करून घ्या आणि प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावा. काट्यावर पिशवी ठेवली की आकडा शून्यावर आणूनच तोला. बोट तिथेच घसरतं. आणि यातला एक पैसाही चर्चच्या पावतीवर स्वतःच्या नावानं देऊ नका, की साक्ष म्हणून व्यासपीठावर सांगू नका. निदान हिशेब फिटेपर्यंत तरी नको. टाळ्या पडल्या की परतफेडीचं दान होतं, आणि जे लोकांचंच होतं ते तुम्ही दिल्यासारखं दिसतं.

‘कोण मारत नाही?’ हे वाक्य तुमच्या पत्रात अजून आहे. तेवढं खोडून टाका. नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो असं लिहिलं आहे. शेजारच्या दुकानाचा तिथे उल्लेख नाही.

मुलीसाठी स्थळ आलंय. मुलगा दुसऱ्या मंडळीचा आहे, चांगली नोकरी, प्रार्थना फार सुंदर करतो. त्यांचे पास्टर म्हणतात, ‘खरा विश्वासणारा आहे.’ आम्ही कशावरून ओळखायचं? – कोपरी, ठाणे

ताई, प्रार्थना सुंदर करता येणं हे सरावाचं काम आहे. लहानपणापासून सभांना बसलेल्या मुलाला ते शब्द पाठच असतात. बाप्तिस्म्याचा दाखला मागून घ्या, तो कागदपत्रांसाठी लागेल. संस्कार झाल्याचं त्यावरून कळतं, पुढचं कळत नाही.

पास्टरांना ‘मुलगा कसा आहे?’ असं विचारू नका, त्याला ‘चांगला आहे’ हेच उत्तर येतं. विचारा: किती वर्षं ओळखता? मंडळीत तो कोणतं काम करतो? त्याला रागावलेला पाहिलंय का, आणि राग ओसरल्यावर त्यानं काय केलं? कोणाशी भांडण झालं होतं का, ते कोणी मिटवलं? खरोखर ओळखणारा माणूस इथे थांबून आठवतो. न ओळखणारा पुन्हा ‘फार आत्मिक मुलगा आहे’ म्हणतो.

मग न सांगता एखाद्या रविवारी त्यांच्या उपासनेला जा. ईस्टरला नको, नाताळलाही नको; भर पावसातला जुलैचा रविवार असेल तर उत्तम. भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मंडळीत शेवटचा आशीर्वाद झाला की प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक रचायच्या असतात, कारण साडेबाराला तिथे दुसऱ्यांचा कार्यक्रम असतो. त्या पाच मिनिटांत बघा. काही जण माइकपाशी उभे राहून गप्पा मारतात, काही खुर्च्या उचलतात. एकदा बघून निकाल लावू नका, पण बघाच. त्याच्या घरी जाल तेव्हा चहाचा ट्रे कोण आणतं याकडे लक्ष असू द्या. तो आईशी पाहुण्यांसमोर बोलतो कसा आणि ती आत गेल्यावर तिच्याविषयी काय बोलतो, हे दोन्ही कानांनी ऐका.

पैशाचं उघड विचारा. कर्ज किती, कोणाचं, क्रेडिट कार्ड कितीचं थकलंय? भावाबहिणींत जमिनीवरून वाद आहे का? हुंड्याविषयी एका वाक्याकडे नीट कान द्या: ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला जे द्यायचं ते द्या.’ ख्रिस्ती घरांतही हे वाक्य सर्रास ऐकू येतं. त्यावर मुलगा स्वतः ‘काहीच द्यायचं नाही’ असं आईवडिलांसमोर म्हणतो का? हुंडा १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहेच. पण इथे प्रश्न असा आहे की ज्याच्यावर विश्वास ठेवतो म्हणतो त्याच्यासाठी हा मुलगा घरच्यांची नाराजी सोसतो का.

आणि मुलीलाच त्याला एक प्रश्न विचारू द्या: ‘तुम्ही शेवटची माफी कधी मागितलीत, आणि कोणाकडे?’ खऱ्या उत्तरात एखादं नाव असतं, थोडा संकोच असतो, ‘तेव्हा मी चुकलो’ असा एक तुकडा असतो. ‘मी तर रोजच देवाकडे मागतो’ असं उत्तर आलं की पुढे विचारा, ‘माणसाकडे?’ याकोबानं एकमेकांजवळ पापं कबूल करा असं लिहून ठेवलं आहे (याकोब ५:१६), तेव्हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. मुलीचं स्वतःचं उत्तरही तयार हवं, कारण तोही विचारेल.

सहा महिने तरी द्या. साखरपुड्याची घाई करणाऱ्यांना, ‘प्रभूनं आम्हाला दाखवलंय’ असं म्हणणाऱ्यांनाही, शांतपणे सांगा की प्रभूनं आम्हालाही दाखवू दे.

माझं वय ४८. मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. आमच्या प्रार्थना गटाचे प्रमुख म्हणतात, तुझा विश्वास खरा असता तर तू बरी झाली असतीस. ११,००० रुपयांचं ‘बीज’ पेर, म्हणजे तेवढे पैसे गटाला दे, आणि इंजेक्शन बंद करून साक्ष दे, असं सांगतात. – कळवा

इंजेक्शन बंद करू नका. आज नाही, त्यांनी कितीही आग्रह केला तरी नाही. इन्सुलिन अचानक थांबवलं तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं. मध्ये एखादा डोस चुकवला असेल तर आजच डॉक्टरांना सांगा.

आजार बरा न होणं ही अविश्वासाची खूण असती तर पौलही अविश्वासू ठरला असता. त्यानं शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर आलं (२ करिंथ. १२:७-९). त्याचा सहकारी त्रफिम याला त्यानं मिलेत इथे आजारी असतानाच मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०). तरुण सोबती तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घे असा घरगुती उपाय सांगितला (१ तीमथ्य ५:२३). त्या तिघांचा विश्वास तुमचे प्रमुख नाकारणार आहेत का?

पैशाची कसोटी तर मंडळीला पहिल्यापासून माहीत आहे. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ हे ख्रिस्ती मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं छोटं पुस्तक. त्याचं हस्तलिखित १८७३ मध्ये पुन्हा हाती लागलं. त्यात गावोगाव फिरणाऱ्या संदेष्ट्यांना पारखायचे नियम आहेत. पाहुणा प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन; तिसऱ्या दिवशीही राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात येऊन ‘मला पैसे द्या’ म्हणाला तर त्याचं ऐकू नका. दुसऱ्या गरजूसाठी द्या म्हणाला तर मात्र त्याला दोष देऊ नका. भोळ्या, देणाऱ्या माणसांना वाचवण्यासाठी किती बारकाईनं लिहिलंय हे!

पौल स्वतः वर्गणीची रक्कम एकटा नेत नसे. कोणी बोट ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेले भाऊ बरोबर घेई (२ करिंथ. ८:१९-२१). तेव्हा प्रमुखांना तीन गोष्टी विचारा: पावती मिळेल का, हिशेब कोण तपासतं, आणि संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का. नोंदलेल्या संस्थेला लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. प्रामाणिक माणूस कागद दाखवतो, फार तर जरा वेळ घेईल. चिडून ‘तू अभिषिक्ताला प्रश्न विचारतेस?’ म्हणाला, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. गट सोडताना घरच्यांना बरोबर घ्या, आणि प्रार्थना सोडू नका. बरं होण्यासाठी प्रार्थना करणं योग्यच आहे. इन्सुलिन घेऊन करा.

चर्चला जातो, पण काहीच वाटत नाही. देव आहे का अशीही शंका येते. शंका येणाऱ्याचा विश्वास खरा असू शकतो का? – घोडबंदर रोड

हो. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा (मार्क ९:२४). दोन्ही एकाच वाक्यात. त्याचा मुलगा बरा झाला. तो बाप शंका घेऊन येशूकडेच आला, एवढं बघा.

संत इग्नेशियस लोयोला यांचा कोरड्या दिवसांसाठी एक नियम आहे: मन ओसाड असताना आधी केलेला निश्चय बदलू नका. उलट प्रार्थना थोडी वाढवा. रोज दहा मिनिटं करत असाल तर अकरा करा, नऊ नको. एक गोष्ट मात्र वेगळी काढून तपासा. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, कामातला रस असं सगळंच गेलं असेल, फक्त चर्चमधलाच नव्हे, तर हा विश्वासाचा प्रश्न नसून नैराश्य असू शकतं. डॉक्टरांना दाखवा.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक. पिढ्यानपिढ्या ठाण्यात. तान्हेपणी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला. ऑफिसमधली एक मैत्रीण सांगते, तुझा ‘नवा जन्म’ झालेला नाही, ख्रिस्ताला स्वीकारल्याची तारीख सांगता येत नाही म्हणजे तू खरी ख्रिस्ती नाहीस. – ठाणे

तारीख सांगता येणं ही बायबलनं दिलेली खूण नाही. पौलाला ख्रिस्त भेटला ती दमास्कसची वाट आठवत होती. तीमथ्याविषयी मात्र, तो बालपणापासून शास्त्र जाणत होता आणि आधी आजी लोईस, मग आई युनीके यांच्यात असलेला विश्वास त्याच्यातही आला, एवढंच लिहिलं आहे (२ तीमथ्य १:५, ३:१५). दिवा कधी पेटला ते आठवत नसलं तरी आता उजेड आहे की नाही हे दिसतं.

पण मैत्रिणीच्या बोलण्यातला एक अंश टाकून देऊ नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, पूर्ण विचारांती, प्रौढ वयात. तरीही पुढे त्यांनी लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे आपल्याला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं. विचार करून घेतलेल्या बाप्तिस्म्यानंतरही असं होऊ शकतं, तर तान्हेपणीच्या संस्कारानंतर आणि शिबिरातल्या तारखेनंतरही होऊ शकतं. पुढे केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली जमा झाल्या, त्यांचं खाणंपिणं, शिक्षण, दळण, छपाई अशी कामं उभी राहिली. रमाबाईंचा विश्वास तिथे दिसतो.

खात्रीविषयी चर्चेसमध्ये फरक आहे, तोही माहीत असू द्या. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं म्हटलं की आपल्याला कृपा मिळालीच आहे हे कोणी चूक अशक्य अशा खात्रीनं जाणू शकत नाही. शंभर वर्षांनी, १६४६ च्या प्रॉटेस्टंट वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रकानं म्हटलं की खात्री मिळू शकते, पण ती डळमळू शकते, मंदावू शकते. मैत्रीण आणि तुम्ही या वादात वर्षभर अडकू शकता. त्यापेक्षा दोघींनी मिळून गलतीकरांस ५:२२-२३ उघडा: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. प्रत्येकीनं स्वतःची दोन कच्ची फळं दुसरीला सांगायची. दुसरीची मोजायची नाहीत. गव्हातलं निदण उपटायला निघालेल्या चाकरांना धन्यानं थांबवलं, कारण लोंबी येईपर्यंत दोन्ही सारखंच दिसतं आणि मुळं गुंतलेली असतात (मत्तय १३:२४-३०). भातशेती पाहिलेल्याला हे सांगावं लागत नाही.

आपल्या ठाण्यात १३२१ मध्ये तोलेंतीनोचे थॉमस आणि त्यांच्या तीन सोबत्यांनी विश्वासासाठी जीव दिला. तेवढी मोठी साक्षही पौलाच्या कसोटीतून सुटत नाही: शरीर जाळायला दिलं पण प्रीती नसली तर काही लाभ नाही (१ करिंथ. १३:३). तारखेचा प्रश्न त्यापुढे लहान आहे.

दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गाला शिकवते. चौदा-पंधरा वर्षांची मुलं प्रश्नोत्तरं धडाधड म्हणतात. विश्वास आहे की नुसतं पाठांतर, कसं ओळखायचं? – वाशी

तिसऱ्या शतकातली मानली जाणारी ‘प्रेषितीय परंपरा’ ही मंडळीची नियमपुस्तिका वाचली तर दिसतं की बाप्तिस्म्याआधी तीन वर्षं शिकवत. एखादा मनापासून झटत असेल तर काळ मोजायचा नाही, वागणूक मोजायची, असंही तिथे लिहिलं आहे. शेवटी चौकशी काय करत? विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटला का, सत्कृत्यं केली का. आणि हे त्या उमेदवाराला विचारत नसत; त्याला आणणाऱ्या माणसानं साक्ष द्यायची.

हीच रीत तुमच्या वर्गात आणता येईल. वर्ग सहा महिन्यांचा असेल तर पहिल्याच महिन्यात प्रत्येक मुलाला चर्चमधली एक वृद्ध किंवा आजारी व्यक्ती नेमून द्या, शक्यतो चालत जाता येईल अशा अंतरावरची, एका सेक्टरातली. पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा तास. मुलगी असेल तर दोघींना जोडीनं पाठवा आणि आईवडिलांची लेखी संमती घ्या. काय करायचं ते ठरवून द्या, नाहीतर मुलं दारात उभी राहून मोबाइल बघतात: औषधं आणून देणं, लाइटबिल भरणं, एक स्तोत्र मोठ्यानं वाचणं. फोटो काढायचे नाहीत, ग्रुपवर टाकायचे नाहीत. गुण द्यायचे नाहीत. गुण दिले की भेटींच्या खोट्या नोंदी येतात.

पाचव्या महिन्यात त्या आजीआजोबांना फोन करून विचारा, ‘येतो का? कसा वागतो?’ बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक ‘आम्ही काय करावं?’ म्हणून आले तेव्हा त्यानं दोन अंगरखे असतील तर एक द्या, ठरल्यापेक्षा जास्त कर घेऊ नका, असली नेमकी कामं सांगितली होती (लूक ३:१०-१४). प्रश्नोत्तरांची परीक्षा ठेवा, ती हवीच. पण तोंडी परीक्षेत एक प्रश्न पुस्तकाबाहेरचा घाला: ‘तुझ्या आजींना सगळ्यांत जास्त कशाची भीती वाटते?’ जो मुलगा सहा महिने नुसता बेल वाजवून परत आला, त्याला हे सांगता येणार नाही. त्याला नापास करू नका. आणखी तीन महिने पाठवा, आणि पहिल्या दोन भेटींना स्वतः बरोबर जा.